डाग सूर्याचे, दोष कुणाचा?

कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना मी एक वादविवाद स्पर्धा जिंकलो होतो. विषय होता : 'हवामानबदलाला माणूसच जबाबदार आहे.' चिठ्ठीत माझ्या वाट्याला विरोधी बाजू आली. तयारीला दोन दिवस होते. मी सूर्य पुढे केला.

पृथ्वीला सगळी उष्णता सूर्यच देतो ना? मग ती तापली तर पहिला संशय कुणावर घ्यायचा? सूर्यावरचे डाग कमीजास्त होतात आणि पृथ्वीचं तापमान त्यांच्या मागोमाग चालतं, असं सांगणारा एक आलेख मला नेटवर सापडला होता. मी त्याची मोठी प्रिंट काढून नेली. शेवटी आवाज चढवून म्हणालो, की अब्जावधी वर्षांच्या सूर्यापुढे आपल्या स्कूटरचा धूर तो काय! सभागृहात टाळ्या पडल्या. ढाल मिळाली.

गोची अशी झाली, की त्यानंतर बरेच दिवस मला ते खरंच वाटत राहिलं. कारण ते सोयीचं होतं. सूर्याला नोटीस पाठवता येत नाही. तो दोषी ठरला की बाकी सगळे घरी जायला मोकळे.

पुढे कधीतरी १८७६-७८ च्या दख्खनच्या दुष्काळाबद्दल वाचत होतो. आणि माझा तो बक्षीसपात्र मुद्दा मला तिथे भेटला, जवळपास जसाच्या तसा. माझ्या आधी सव्वाशेहून जास्त वर्षं तो कुणीतरी वापरून ठेवला होता.

गव्हाचे भाव आणि सूर्याचे डाग

सूर्यावर डाग असतात हे दुर्बीण आल्यापासून माहीत होतं. १८०१ साली विल्यम हर्शेल यांनी त्यात एक धाडसी भर घातली. युरेनस शोधणारे हेच ते हर्शेल. जुन्या काळचं तापमान मोजलेलं नव्हतं, म्हणून त्यांनी अॅडम स्मिथच्या ग्रंथात दिलेले इंग्लंडमधल्या गव्हाचे भाव घेतले. डाग कमी असलेल्या काळात गहू महाग होता, म्हणजे पीक कमी आलं, म्हणजे सूर्य मंद असावा, असा त्यांचा तर्क होता. लोकांनी त्यांची टिंगल केली.

पण १८४३ साली हाइनरिश श्वाबे या जर्मन औषधविक्रेत्याने रोजच्या निरीक्षणांतून दाखवलं, की हे डाग ठरावीक काळाने वाढतात आणि घटतात. हा काळ साधारण अकरा वर्षांचा निघाला. झालं! एवढं मोठं घड्याळ आकाशात टांगलेलं असेल, तर पृथ्वीवरचं काहीतरी त्याच्या तालावर चालत असणारच, असं एकोणिसाव्या शतकातल्या बुद्धिमान लोकांना वाटू लागलं. पाऊस, वादळं, पिकं, बाजारभाव, सगळं डागांशी ताडून पाहणं सुरू झालं.

एक पत्र, एक लेख

१८७६ साली दख्खनमध्ये पाऊस गेला. सोलापूर, नगर, पुणे, सातारा, विजापूर, खाली मद्रास इलाख्यापर्यंत. पुढची दोन वर्षं माणसं मरत राहिली. ब्रिटिश मुलखात पन्नास लाखांहून अधिक माणसं गेली, असा अंदाज आहे.

या दुष्काळाबद्दल १८७७ साली लिहिलेले दोन मजकूर मी शेजारी शेजारी ठेवतो.

पहिला एप्रिल महिन्यातला. सावित्रीबाई फुले तेव्हा ओतूरला होत्या. तिथून त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिलं. त्यात मरणारी माणसं आणि जनावरं आहेत, गाव सोडून निघालेले लोक आहेत, आणि मदतीचं काम करणारे सत्यशोधक आहेत.

दुसरा नोव्हेंबर महिन्यातला, लंडनमधल्या एका प्रतिष्ठित मासिकातला लेख. लेखक दोन : नॉर्मन लॉकियर, म्हणजे सूर्याच्या प्रकाशात हेलियमचा माग काढणारे आणि 'नेचर' हे नियतकालिक सुरू करणारे शास्त्रज्ञ, आणि विल्यम हंटर, म्हणजे हिंदुस्थान सरकारचे संख्याशास्त्र पाहणारे अधिकारी. विषय : सूर्याचे डाग आणि दुष्काळ. मद्रासच्या पावसाच्या जुन्या नोंदी काढून त्यांनी मांडलं, की डाग कमी असतात त्या वर्षांत तिथे पाऊसही कमी पडतो आणि दुष्काळ त्याच सुमारास येतात.

हे दोघे खलनायक नव्हते. आधी कळलं तर आधी तयारी करता येईल, असा हंटर यांचा हेतू होता. आणि डाग तेव्हा खरोखरच उतरणीला लागले होते. १८७८ साली ते अगदी तळाला गेले. आकडे त्यांच्या बाजूने बोलत होते.

अडचण होती ती या लेखाच्या वेळेची. त्याच वर्षी १ जानेवारीला दिल्लीत दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं होतं. धान्य बंदरांतून परदेशी जातच होतं. व्हाइसरॉय लिटन यांनी पाठवलेले सर रिचर्ड टेंपल दुष्काळी कामांवरची मजुरी कापत होते : धट्ट्याकट्ट्या पुरुषाला दिवसभराच्या खडी फोडण्याबद्दल एक पौंड, म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास धान्य, आणि वर थोडे पैसे. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी या मजुरीवर काम करायला नकार दिला. पुण्याची सार्वजनिक सभा, म्हणजे गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांची मंडळी, गावोगावची माहिती गोळा करून सरकारला लिहीत होती, की ही मजुरी माणूस जगवायला पुरत नाही.

म्हणजे पुण्यात प्रश्न विचारला जात होता, 'धान्य कुठे गेलं?' आणि लंडनमध्ये उत्तर तयार होत होतं, 'सूर्याकडे बघा.'

मराठीत अवर्षण आणि दुष्काळ हे दोन वेगळे शब्द आहेत, ही केवढी सोय आहे! अवर्षण आभाळातून येतं. दुष्काळात मात्र बाजारभाव, सारावसुली, कर्ज, निर्यात आणि मजुरीचा दर हे सगळे असतात. डागांचा सिद्धान्त फार तर अवर्षणाबद्दल बोलू शकत होता. चर्चेत मात्र तो दुष्काळाचं उत्तर म्हणून मिरवू लागला.

इंग्रज अर्थशास्त्रज्ञ स्टॅन्ली जेव्हन्स तर आणखी पुढे गेले. डागांमुळे हिंदुस्थानात पीक बुडतं, तिथल्या गरिबाकडे कापड घ्यायला पैसे उरत नाहीत, म्हणून इंग्लंडात मंदी येते, असं त्यांनी १८७८ साली मांडलं. व्यापारी संकटं त्यांच्या हिशेबाने साडेदहा वर्षांच्या जवळपास अंतराने येत होती आणि डागांचं चक्र अकरा वर्षांचं होतं. तेव्हा त्यांनी डागांचं चक्रच साडेदहाच्या जवळ नेणारा दुसरा अंदाज पसंत केला. दोन्ही काटे जुळले!

सिमला ऑफिस

पुण्यात शिवाजीनगरला 'सिमला ऑफिस' नावाचा चौक आहे. मी तिथून शेकडो वेळा गेलोय, पण हे नाव कुठून आलं याचा विचार कधी केला नव्हता. हवामान खात्याचं मुख्यालय पूर्वी सिमल्याला होतं. १९२८ साली ते पुण्याला आलं आणि लोकांनी त्याचा जुना पत्ताच नाव म्हणून ठेवून दिला.

डागांच्या प्रश्नाची खरी तपासणी याच खात्यात झाली. खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी पावसाच्या अंदाजासाठी हिमालयातल्या बर्फाकडे पाहायला सुरुवात केली. त्यांच्यानंतरच्या जॉन इलियट यांनी १८९९ साली चांगल्या पावसाचा अंदाज दिला आणि त्या वर्षी भयंकर अवर्षण पडलं. १९०४ साली गिल्बर्ट वॉकर प्रमुख झाले. ते होते गणिती, हवामानाशी फारसा संबंध नसलेले. त्यांनी भारतीय कारकुनांच्या मदतीने जगभरच्या नोंदी मागवल्या आणि प्रत्येक गोष्टीचं पावसाशी नातं किती घट्ट आहे ते हाताने आकडेमोड करून काढलं. त्यात डागही होते. नातं इतकं कच्चं निघालं, की त्याच्या जोरावर अंदाज देता येईना. मद्रासला जे दिसलं होतं ते सगळ्या देशाला लागू पडत नव्हतं.

घट्ट नातं सापडलं ते भलतीकडेच : प्रशांत महासागर आणि हिंदी महासागर यांच्यावरच्या हवेच्या दाबाच्या झोपाळ्यात. त्याच झोपाळ्याची दुसरी बाजू आज आपल्याला 'एल निनो' म्हणून माहीत आहे, ज्यात प्रशांत महासागराचं पाणी तापतं आणि बऱ्याचदा आपला मान्सून कमजोर होतो. १८७७-७८ चा एल निनो नोंदींमधल्या सर्वांत तीव्र एल निनोंपैकी एक होता. म्हणजे अवर्षणाचं मोठं कारणही सूर्यावर नव्हतं.

तरी सूर्याचा अभ्यास वाया गेला असं नाही. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभारली. २२ जानेवारी १८९८ चं खग्रास सूर्यग्रहण टिपायला ते सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला गेले होते. पुढे १९१२ साली ही वेधशाळा बंद झाली आणि तिची दुर्बीण कोडाईकनालला गेली. कोडाईकनालमध्ये शंभराहून अधिक वर्षं काढलेले सूर्याचे फोटो आज जगातले शास्त्रज्ञ वापरतात.

माझा आलेख

आता माझ्या त्या प्रिंटकडे येतो. तो आलेख १९९१ सालचा होता. एगिल फ्रिस-क्रिस्टेन्सन आणि क्नुड लासेन या डॅनिश शास्त्रज्ञांनी 'सायन्स' या नियतकालिकात तो छापला होता. सूर्याच्या चक्राची लांबी आणि उत्तर गोलार्धाचं तापमान अशा दोन रेषा त्यात जवळजवळ हातात हात घालून चालतात. जगभरच्या वर्तमानपत्रांत तो गाजला आणि २००७ साली एका ब्रिटिश माहितीपटातही झळकला.

तोवर त्याचा निकाल लागून गेला होता. पीटर लाउट या डॅनिश शास्त्रज्ञाने दाखवलं, की आलेखातले शेवटचे बिंदू बाकीच्यांसारखे काढलेले नाहीत; सगळे एकाच पद्धतीने काढले, की शेवटची ती चढण नाहीशी होते. २००० साली तर लासेन यांनी स्वतःच एका सहकाऱ्याबरोबर नवे आकडे जोडून सांगितलं, की अलीकडची तापमानवाढ या सूर्यचक्राने समजावता येत नाही. स्वतःच्या गाजलेल्या आलेखाबद्दल असं लिहायला काय लागत असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो.

सूर्याचा काहीच परिणाम होत नाही, असं कुणी म्हणत नाही. १६४५ ते १७१५ या काळात डाग जवळजवळ नाहीसे झाले होते, तेव्हा युरोपात कडक हिवाळे पडले. अर्थात त्या थंडीत ज्वालामुखींचाही हात होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या तापमानवाढीत सूर्याचा थोडा वाटा होता. पण १९७८ पासून उपग्रह सूर्याची ऊर्जा थेट मोजताहेत. डागांच्या चक्रात ती साधारण ०.१ टक्क्याने वरखाली होते. माइक लॉकवुड आणि क्लाउस फ्रोलिश यांनी २००७ साली दाखवलं, की १९८५ च्या सुमारापासून सूर्याचा कल उतरता आहे आणि पृथ्वीचं तापमान मात्र चढतंय. २००८ ते २०१९ हे सूर्याचं चक्र सुमारे शंभर वर्षांतलं सर्वांत दुबळं होतं. त्याच काळात उष्णतेचे विक्रम मोडत होते.

मला सगळ्यात पटलेला पुरावा वेगळाच आहे. सूर्य जास्त तापला असता, तर वातावरण वरपासून खालपर्यंत तापायला हवं होतं. प्रत्यक्षात जमिनीलगतची हवा तापतेय आणि वरचा थर, स्थितांबर, थंड होतोय. हे गोधडीसारखं आहे. गोधडी पांघरली की आत ऊब वाढते, बाहेर नाही. कार्बन डायऑक्साइड वाढला तर नेमकं असं होईल, हे स्युकुरो मनाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी १९६७ सालीच गणिताने मांडलं होतं. मनाबेंना २०२१ साली नोबेल मिळालं.

आज सूर्यावर नजर ठेवून असलेल्या 'आदित्य एल१' यानावरची एक दुर्बीण पुण्याच्या आयुकात तयार झाली आहे. सीओईपी, सिमला ऑफिस चौक, विद्यापीठाच्या आवारातलं आयुका : एकाच रस्त्याने जाणाऱ्या बसमधून हा सगळा इतिहास अर्ध्या तासात ओलांडता येतो.

गेल्या वर्षी एका आंतरकॉलेज स्पर्धेला परीक्षक म्हणून गेलो होतो. विषय जवळपास तोच. एक मुलगी सूर्याची बाजू घेऊन फार सुंदर बोलली, माझ्यापेक्षा किती तरी चांगली. फोनवरचा आलेखही दाखवला. टाळ्या थांबल्यावर मी तिला एकच प्रश्न विचारला, "तुझा आलेख कुठल्या साली संपतो?"

तिने स्क्रीन मोठी करून पाहिली. "१९८० च्या आसपास, सर."

"आणि पुढे?"

ती काही बोलली नाही. पुढच्या स्पर्धकाचं नाव पुकारलं गेलं. थोड्या वेळाने मी सहज पाहिलं, तर ती मागच्या रांगेत बसून फोनवर पुढची वर्षं शोधत होती.