१५ डिसेंबर १८५८ : दौंडमार्गे लोहमार्ग खुला

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने पुणे ते दिकसाळ हा लोहमार्ग १५ डिसेंबर १८५८ रोजी वाहतुकीस खुला केला आणि भीमाकाठचे दौंड, म्हणजे तत्कालीन सरकारी कागदपत्रांतील ‘धोंड’, रेल्वेच्या नकाशावर आले. मुंबई-पुण्यास जोडणारा बोरघाटातील मार्ग मात्र १८६३ मध्ये पूर्ण झाला, हे ध्यानात घेतल्यास या कामाचे धाडस कळते. १८७८ मध्ये मनमाडचा फाटा निघाल्याने दौंड जंक्शन, म्हणजे अनेक मार्ग एकत्र येणारे स्थानक, बनले. पुढे बारामतीचा मार्गही येथूनच निघाला. मनमाडचा मार्ग स्थानकाच्या पुण्याकडील बाजूनेच फुटत असल्यामुळे पुण्याहून उत्तरेस जाणाऱ्या गाड्यांना येथे थांबून इंजिन दुसऱ्या टोकास जोडून दिशा बदलावी लागे, आणि हा खोळंबा टाळण्यासाठीच अलीकडे कॉर्ड लाइन, म्हणजे मुख्य स्थानकात न शिरता दोन मार्गांना थेट जोडणारा लोहमार्ग, टाकण्यात आली. २०१७ पासून पुणे-दौंड डेमू, म्हणजे वेगळे इंजिन न लागणाऱ्या डिझेल-विद्युत, गाड्या नोकरदार आणि विद्यार्थ्यांची रोजची ने-आण करीत आहेत. शेजारच्या शिरूर शहरास अद्याप रेल्वे लाभलेली नाही. ही उणीव दूर व्हायलाच हवी.