एक मनगट, तीन सन, दोन वेळा

स्वित्झर्लंडच्या पार्मिजियानी फ्लुरिए या घड्याळ कंपनीने २०२० मध्ये हिजरी पंचांग दाखवणारे मनगटी घड्याळ बनवले. शौकीन संग्राहकांसाठी असलेल्या या महागड्या घड्याळात महिन्यांची नावे अरबीत आहेत, चंद्राच्या कला आहेत आणि चालू वर्ष ३५४ दिवसांचे की ३५५ दिवसांचे हेही कळते. त्याची दातेरी चाके तीस वर्षांच्या चक्रावर फिरतात आणि त्या तीस वर्षांत अकरा वर्षे एका दिवसाने मोठी धरलेली असतात. हिशोब चोख आहे. पण ईदचा चांद चाकात नव्हे, आकाशात दिसावा लागतो. त्यामुळे असे घड्याळ बांधणाऱ्यालाही एकोणतिसाव्या रोजाला छतावर जावेच लागेल.

जगाला याचे मोठे नवल वाटले. मराठवाड्याच्या माणसाला ते तितकेसे वाटू नये. आपले वाडवडील एकाच वेळी तीन-तीन सन सांभाळत होते, तेही घड्याळाशिवाय.

हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. म्हणजे तेहतीस पिके येतात तेवढ्यात चौतीस हिजरी वर्षे उलटतात. सारा हिजरी सनावर घेतला, तर कुणब्याला एका न पिकलेल्या पिकाचा सारा भरावा लागे. यावर उपाय म्हणून अकबराने उत्तरेत फसली सन सुरू केला. दक्खनेत तो शहाजहानच्या काळात, १६३६ च्या सुमारास आला. त्याआधीपासून दक्खनेत शुहूर सन रूढ होता. मृग नक्षत्राला सुरू होणाऱ्या या सनाचे आकडे इसन्ने, सलास, अर्बा, खमस असे अरबी शब्दांत लिहीत. पेशव्यांच्या मोडी दप्तरातही हे अरबी शब्द ठिकठिकाणी भेटतात. काळाची मोजणी ही कुणा एका जमातीची मिरास नव्हती, याचा याहून स्वच्छ पुरावा कोणता?

निजामी राज्यात सरकारी कामकाज फसली सनावर चाले. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आज़ुर महिन्याने वर्ष सुरू होई. पुढे दै, बहमन, इस्फंदार असे फारसी महिने येत. घरात रमजान-मोहरम हिजरीने, शेजारी गुढीपाडवा शकाने आणि कचेरीत तारीख फसलीने, असा तो काळ होता.

ही केवळ जुनी गंमत नाही. एखाद्या कागदावर ‘तीर १३४०’ असे असेल, तर फसलीप्रमाणे तो १९३१ च्या मे-जूनचा ठरतो. आज़ुर ते डिसेंबरअखेर फसली सनात ५९० मिळवायचे आणि पुढच्या महिन्यांत ५९१. तोच आकडा कुणी हिजरी समजला, तर कागद १९२१-२२ चा होतो. नऊ वर्षांचा फरक! एवढ्यात वारस बदलतो, वय बदलते, जमिनीचा हक्क बदलतो. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीच्या कामासाठी निजामकालीन नोंदी शोधल्या जाऊ लागल्या, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची आठवण सर्वांना झाली.

दोन वेळांची गोष्टही अशीच. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली, तरी मुंबई शहराने आपली एकोणचाळीस मिनिटे मागे असलेली वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. आपले शहर, पूर्वीचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर, प्रमाणवेळेच्या रेखावृत्तापासून सव्वासात अंश पश्चिमेला आहे. एका अंशाला चार मिनिटे धरली, तर येथला सूर्य घड्याळाच्या एकोणतीस मिनिटे मागे चालतो. म्हणून जोहरची वेळ बारालाच सुरू होत नाही. म्हणूनच मुंबईचा इफ्तार आपल्यानंतर सुमारे दहा मिनिटांनी होतो आणि तिकडचे वेळापत्रक इकडे चालत नाही.

आखातात कमावणाऱ्यांच्या घरी तर दुसरी वेळ रोजचीच आहे. सौदी अडीच तास मागे, दुबई दीड तास. गंमत म्हणजे दुसरी वेळ दाखवणाऱ्या पुष्कळ उंची घड्याळांचा जादा काटा पूर्ण तासानेच सरकतो. आपला अर्धा तास त्यात बसत नाही. तो हिशोब मुलाच्या फोनची वाट पाहणारी आई बोटांवर करते.

उर्दू शाळांतल्या मुलांना लिपी येते, पण फसली सन येत नाही. गणिताच्या एका तासात तो शिकवता येईल. घरच्या पेटीतला आजोबांचा एखादा कागद वर्गात आणायला सांगावा आणि त्यावरची तारीख मुलांनाच सोडवू द्यावी. पुढच्या पिढीला तो कागद वाचून घ्यायला दुसऱ्याच्या दारी जावे लागू नये.