इस्टेट एजंट बदलताना हिशेब चोख हवा

प्रतिनिधी

मुंबई, ठाणे वा पुण्यात मनाजोगते घर मिळेपर्यंत कित्येक महिने जातात. या काळात एजंटविषयी तक्रारी साचत जातात. तो बजेटबाहेरची घरे दाखवितो, कागदपत्रांविषयी विचारले की टाळाटाळ करतो, टोकनसाठी घाई करतो. अशा वेळी एजंट बदलण्याचा हक्क ग्राहकाला आहेच. मात्र, पहिल्याला अंधारात ठेवून दुसरा गाठला, तर एकाच घराची दलाली दोघेही मागतात आणि हा वाद नेमका करारनाम्याच्या तोंडावर उद्भवतो.

कायदा काय सांगतो?

भारतीय करार कायदा, १८७२ मधील एजन्सीविषयक तरतुदी येथे मार्गदर्शक ठरतात. काम सोपविणारी व्यक्ती दिलेला अधिकार काढून घेऊ शकते (कलम २०१). परंतु त्याची वाजवी पूर्वसूचना द्यावी लागते (कलम २०६). वेगळा करार नसल्यास काम पूर्ण झाल्याखेरीज मोबदला देय होत नाही (कलम २१९). म्हणजेच, केवळ चार घरे दाखविली म्हणून दलाली द्यावी लागत नाही. उलटपक्षी, पहिल्या एजंटने दाखविलेले घर दुसऱ्यामार्फत घेतले, तर व्यवहार आपल्याच प्रयत्नांतून जुळल्याचा दावा पहिला करू शकतो. किंमत ठरून टोकन दिल्यानंतर एजंट बदलून दलाली वाचविण्याचा प्रयत्न तर कायद्याच्या आणि नीतीच्या दोन्ही दृष्टींनी गैरच.

भुर्दंड किती?

दलालीचा दर कायद्याने ठरविलेला नाही. पुनर्विक्रीच्या व्यवहारात खरेदीदार व विक्रेता यांच्याकडून प्रत्येकी एक ते दोन टक्के घेण्याची प्रथा आहे. ८० लाखांच्या सदनिकेवर दोन टक्के म्हणजे १ लाख ६० हजार रुपये. एजंट जीएसटी नोंदणीकृत असल्यास त्यावर १८ टक्क्यांनी २८ हजार ८०० रुपये आणखी. दोघांचे दावे अंगावर आल्यास हीच रक्कम दुप्पट होते.

नव्या प्रकल्पातील वेगळेपण

नव्या प्रकल्पात एजंटचा मोबदला बहुधा बिल्डर देतो. पहिल्या भेटीच्या वेळी भरून घेतलेल्या अर्जावर ज्या एजंटचे नाव असेल, त्याच्याच खात्यावर ग्राहकाची नोंद होते. तेव्हा बदल करावयाचा असल्यास बिल्डरच्या विक्री कार्यालयाला लेखी कळवून उत्तर घ्यावे. नोंदणीकृत प्रकल्पातील घरे विकणाऱ्या एजंटला ‘रेरा’ कायद्याच्या कलम ९ नुसार नोंदणी बंधनकारक आहे. महाराष्ट्रात १ जानेवारी २०२४ पासून त्यासाठी सक्षमता प्रमाणपत्रही आवश्यक ठरले. नव्या एजंटचा नोंदणी क्रमांक ‘महारेरा’च्या संकेतस्थळावर तपासून घ्यावा. जुन्या इमारतीतील पुनर्विक्रीसाठी मात्र ही नोंदणी सक्तीची नाही. त्यामुळे तेथे लेखी अटींचे महत्त्व अधिक.

बदल करताना हे करा

- पहिल्या एजंटसोबत काही सही केली आहे का, ते पाहा. घर दाखविल्याची चिठ्ठी, ‘एकमेव एजंट’ अशी अट, मुदत आणि सूचनेचा कालावधी नीट वाचा.

- संबंध थांबवीत असल्याचे पत्र वा ई-मेल पाठवा. त्याने दाखविलेल्या घरांची तारखांसह यादी जोडा. दिलेल्या पॅन, आधारच्या प्रती परत मागा.

- हीच यादी नव्या एजंटला पहिल्याच भेटीत द्या. ती घरे पुन्हा न दाखविण्यास सांगा.

- यादीतलेच घर पसंत पडले, तर पहिल्याशीच बोला किंवा दलालीची वाटणी दोन्ही एजंटांकडून लेखी ठरवून घ्या.

- नव्या एजंटशी दर, देयकाची वेळ आणि मुदत कागदावर आणा. दलाली धनादेशाने देऊन पावती घ्या.

तक्रार कोठे?

नोंदणीकृत एजंटने ‘रेरा’तील तरतुदींचा भंग केल्यास कलम ३१ अन्वये ‘महारेरा’कडे तक्रार करता येते. पुनर्विक्रीच्या व्यवहारात सेवेतील त्रुटीसाठी जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. मात्र, दोन्ही ठिकाणी पुरावा लागतो. एजंटशी झालेले संभाषण तोंडी राहिले असेल, तर बाजू मांडणे अवघड जाते. म्हणूनच पहिल्या एजंटला दिलेले पत्र आणि घरांची यादी निदान खरेदीखताची नोंदणी होऊन दलालीचा हिशेब मिटेपर्यंत जपून ठेवावी.