आकाशक-तार व निरोधक यांची जोडणी
रेडिओ तरंगांच्या प्रेषणासाठी किंवा ग्रहणासाठी उंचावर ताणलेल्या तारेला (आकाशकाला, अँटेनाला) आधारापासून विद्युत् दृष्ट्या अलग ठेवणारी व तिचा ताणही पेलणारी रचना.

तारायंत्राच्या मार्गात तार चिनी मातीच्या पेल्यासारख्या निरोधकावर टेकवून बारीक तारेने बांधीत. आकाशकाची तार मात्र टोकाशी ओढली जाते, त्यामुळे तेथे ही पद्धत अपुरी ठरली. इंग्‍लंडमधील पोल्डू येथे मार्कोनी यांनी उभारलेले सु. ६१ मी. उंचीच्या २० खांबांचे आकाशक सप्टेंबर १९०१ मधील वादळात कोसळले. वाऱ्याचा जोर किती असू शकतो, हे त्यावरून दिसून आले. महाराष्ट्रात १९२७ मध्ये भारत-इंग्‍लंड लघुतरंग शलाका-सेवा सुरू झाली. तिचे प्रेषण केंद्र पुण्याजवळ खडकी येथे व ग्रहण केंद्र दौंड येथे होते. शलाका-आकाशकात उभ्या तारांचा एक पडदा व त्यामागे परावर्तक तारांचा दुसरा पडदा असे. म्हणून निरोधकांवरील जोडण्यांची संख्याही मोठी असे.

चिनी माती दाब चांगला सोसते, ताण मात्र कमी सोसते. अंडाकृती निरोधकाची रचना या गुणावर आधारलेली आहे. त्यात परस्परांना काटकोनात असलेली दोन छिद्रे असतात. एकीतून आकाशकाची तार व दुसरीतून आधाराची तार ओवली असता दोन्ही फासे एकमेकांत अडकतात व मधली चिनी माती दाबली जाते. निरोधक फुटला, तरी फासे गुंतलेले राहून तार खाली पडत नाही. पृष्ठभागावरील झिलईमुळे पाणी व धूळ फारशी टिकत नाहीत. अर्धतरंगी आकाशकाच्या टोकांशी विद्युत् दाब सर्वाधिक असल्याने तेथील निरोधन विशेष महत्त्वाचे असते.

जोडणी करताना तार छिद्रातून परत वळवून मूळ तारेभोवती सहा ते आठ घट्ट वेढे देतात. पकडीने तारेवर खाच पडल्यास वाऱ्याच्या हेलकाव्यांनी ती तेथेच तुटते. कठीण ओढलेली तांब्याची तार तापविल्यास मऊ पडते. म्हणून डाख ताण नसलेल्या जागी देतात. खाली येणारी तार शक्यतो अखंड ठेवतात. एक टोक झाडाला बांधावयाचे असल्यास दोरी कप्पीवरून नेऊन तिला वजन लावतात. त्यामुळे झाड हलले, तरी तारेवरील ताण जवळजवळ कायम राहतो.

१९४२ च्या आंदोलनात उषा मेहता व त्यांचे सहकारी मुंबईतून चालवीत असलेले गुप्त काँग्रेस रेडिओ केंद्र पोलिसांना चुकविण्यासाठी वारंवार जागा बदलत होते. त्याची तरंगलांबी ४२.३४ मी. होती, या लांबीसाठी अर्धतरंगी तार सु. २१ मी. लागते. अशी लांब तार उभारणे व उतरविणे जलद व्हावे लागते, पण ती लपविणे कठीण असते. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी हे केंद्र पकडले गेले.

आकाशवाणीची पुणे (१९५३) व सांगली (१९६३) ही केंद्रे सुरू झाली, त्या काळात घरांच्या छपरांवर अशा तारा दिसत. ट्रँझिस्टर संचांतील फेराइट दांड्याच्या आकाशकामुळे त्या मागे पडल्या. हौशी रेडिओ प्रक्षेपक मात्र आजही त्या वापरतात. वीजवाहक तारांच्या वरून किंवा खालून आकाशक नेणे प्राणघातक ठरू शकते. तार तुटली वा निसटली, तरी ती वीजवाहक तारेला स्पर्श करणार नाही इतके अंतर ठेवणे, हाच या बाबतीतील खात्रीचा उपाय होय.