स्वस्तातला क्वार्टरबॅक: भाव ठरवला कुणी?

अमेरिकन फुटबॉलमधला सगळ्यात किफायतशीर सौदा कोणता, असं तिथल्या कुठल्याही क्रीडा विश्लेषकाला विचारा. उत्तर ठरलेलं आहे: पहिल्याच करारावर खेळणारा अव्वल क्वार्टरबॅक. त्यावर लेख लिहिले जातात, तक्ते मांडले जातात, कमी पैशात हिरा पटकावला म्हणून संघाच्या व्यवस्थापकांना शाबासकी मिळते. या कौतुकात एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. हिरा स्वस्त का होता? त्याला बाजारात भाव नव्हता म्हणून, की त्याला बाजारात उभंच राहू दिलं नव्हतं म्हणून? आंबेडकरी चळवळीत वाढलेल्या आम्हाला हा प्रश्न फार ओळखीचा आहे. म्हणून सातासमुद्रापलीकडच्या या खेळाचा इतिहास इथे मांडतो आहोत.

हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन, अंगावर येणाऱ्या धिप्पाड माणसांमधून वाट काढत पुढे सरकायचं, असा हा खेळ. जवळजवळ प्रत्येक चालीत चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो. समोरच्याचा बचाव वाचायचा, सहकाऱ्यांना चाल सांगायची, चेंडू फेकायचा की स्वतः पळायचं हे दोन-तीन सेकंदांत ठरवायचं, हे त्याचं काम. तो संघाचा मेंदू मानला जातो. हा ‘मेंदू’ शब्द लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

एनएफएल या तिथल्या ३२ संघांच्या लीगमध्ये १९९४ पासून प्रत्येक संघाच्या पगारखर्चाला कमाल मर्यादा आहे. २०१३ मध्ये ती १२ कोटी ३० लाख डॉलर होती. त्या वर्षी सिएटलचा क्वार्टरबॅक रसेल विल्सन याचा मूळ पगार होता ५ लाख २६ हजार डॉलर. २०१२ च्या तिसऱ्या फेरीत ७५ व्या क्रमांकावर निवडलेला हा कृष्णवर्णीय मुलगा चार वर्षांच्या, ३० लाख डॉलरलाही न पोचणाऱ्या करारावर खेळत होता. फेब्रुवारी २०१४ मध्ये त्याच्या संघाने सुपर बोल जिंकला, ४३ विरुद्ध ८. समोर पेटन मॅनिंग होता, त्या हंगामाचे दीड कोटी डॉलर घेणारा. विल्सनवर वाचलेल्या पैशातून सिएटलने मायकेल बेनेट आणि क्लिफ एव्हरिलसारखे बचावपटू आणले. बचावातला सगळ्यात गाजलेला रिचर्ड शर्मन हाही पाचव्या फेरीतला, पहिल्याच करारावरचा. विल्सनला स्वतःचा भाव मागता आला तो २०१५ मध्ये. मग मिळाले चार वर्षांचे ८ कोटी ७६ लाख. त्याआधी मागणंच शक्य नव्हतं, कारण पहिल्या करारावर तीन हंगाम पूर्ण होईपर्यंत फेरवाटाघाट करायची नाही, असा लीगचा नियम आहे.

विश्लेषक ज्याला ‘मूल्य’ म्हणतात ते हेच. कामगाराने निर्माण केलेली किंमत आणि त्याला मिळालेला मोबदला, यांच्यातला फरक. मार्क्स वाचलेल्याला याचं दुसरं नाव सांगायला नको.

ही व्यवस्था एका दिवसात उभी राहिली नाही. १९३६ मध्ये फिलाडेल्फिया संघाचे मालक बर्ट बेल यांच्या सूचनेवरून ड्राफ्ट सुरू झाला. महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंना संघ ओळीने निवडणार, आणि निवडलेल्या खेळाडूने त्याच संघाशी बोलायचं. आयपीएलच्या लिलावात निदान दोन मालक एकमेकांवर बोली चढवतात. इथे बोलीच नाही. पहिल्या ड्राफ्टमध्ये सगळ्यात आधी निवडला गेलेला जे बरवँगर पैशावर जमलं नाही म्हणून एनएफएलमध्ये एकही सामना खेळला नाही. त्याला दुसरी नोकरी होती. ज्याला नव्हती त्याने काय केलं असेल?

तरीही पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूंना पुढे चांगले पैसे मिळू लागले. २०१० मध्ये सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांचा ७ कोटी ८० लाखांपर्यंतचा करार मिळाला, त्यातले ५ कोटी खात्रीचे. मालक अस्वस्थ झाले. मार्च २०११ मध्ये त्यांनी टाळेबंदी केली, ती जुलैपर्यंत चालली. तडजोडीत नवख्यांच्या पगाराची श्रेणीच ठरवून टाकली: चार वर्षांचा करार, पहिल्या फेरीतल्या खेळाडूला पाचव्या वर्षीही ठेवून घेण्याचा हक्क संघाकडे. त्या वर्षी पहिल्या क्रमांकावर आलेल्या कॅम न्यूटनला मिळाले चार वर्षांचे २ कोटी २० लाख. तोच क्रमांक, तीच जागा, एका वर्षाचा फरक.

आणि या वाटाघाटीच्या टेबलावर न्यूटनच्या मागून येणारं कुणीही नव्हतं. येणारी मुलं महाविद्यालयांत होती, संघटनेची सभासद नव्हती, त्यांना मत नव्हतं. सभासद होते ते आधीच लीगमध्ये असलेले खेळाडू, आणि नवख्यांचे वाचलेले पैसे आपल्याकडे वळतील, असा त्यांचा हिशेब होता. कायद्याने याला आधीच आशीर्वाद दिला होता. ओहायो स्टेटचा मॉरिस क्लॅरेट हा कृष्णवर्णीय खेळाडू शालेय शिक्षणानंतर तीन वर्षं थांबण्याच्या अटीविरुद्ध न्यायालयात गेला. २००४ मध्ये अपील न्यायालयाने निकाल विरोधात दिला. निकालपत्र लिहिणाऱ्या न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर पुढे सर्वोच्च न्यायालयात गेल्या. संघटना आणि मालक मिळून उद्या कामाला येणाऱ्यांच्याही अटी ठरवू शकतात, असा त्याचा अर्थ. तू आत नाहीस, पण आतल्यांनी केलेला करार तुला बांधील आहे. गोलमेज परिषदेत बाबासाहेब कशासाठी भांडले, हे माहीत असलेल्याला यातली मेख कळेल.

आता कुणी म्हणेल, लाखो डॉलर कमावणाऱ्यांचं रडगाणं आपण का ऐकायचं? आमच्या वस्तीतला सफाई कामगार कंत्राटावर राबतो, शिक्षणसेवक तीन वर्षं मानधनावर काढतो. आक्षेप रास्त आहे. विल्सनच्या कराराला आम्ही वेठबिगारी म्हणणार नाही, आणि कुणी म्हणू नये. पण शोषण रकमेवरून मोजलं तर मालक सुटतो. सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात औद्योगिक कलह विधेयकाला विरोध करताना बाबासाहेबांनी मुद्दा पगाराच्या आकड्याचा केला नव्हता. काम नाकारण्याचा हक्क माणसाकडे आहे की नाही, हा त्यांचा मुद्दा होता. शिवाय क्वार्टरबॅक हा वरचा थर आहे, त्याला निदान दुसरा करार मिळतो. रनिंग बॅक म्हणजे चेंडू घेऊन पळणारा, बहुतांशी कृष्णवर्णीय. त्याचे गुडघे पहिल्या स्वस्त करारातच झिजतात आणि दुसऱ्याच्या वेळी संघ म्हणतो, तू आता जुना झालास. खेळाडूंच्या संघटनेच्याच सांगण्याप्रमाणे एनएफएलमधली सरासरी कारकीर्द साडेतीन वर्षंही भरत नाही. म्हणजे बहुतेकांच्या नशिबात पहिला करार हाच शेवटचा.

इथे रंगाचा इतिहास आणावाच लागतो. १९२० च्या दशकात फ्रिट्झ पोलार्डसारखे कृष्णवर्णीय खेळाडू लीगमध्ये होते. १९३४ ते १९४५ या काळात एकही नव्हता. कागदावर कुठेही बंदी नव्हती. आपल्याकडेही ‘इथे तुमच्या लोकांना घर मिळणार नाही’ अशी पाटी कुणी लावत नाही. १९४६ मध्ये केनी वॉशिंग्टन आणि वुडी स्ट्रोड आले. सगळ्यात शेवटी दार उघडलं वॉशिंग्टन संघाने, १९६२ मध्ये. तेही मालक जॉर्ज प्रेस्टन मार्शल यांचं मन वितळलं म्हणून नाही. मैदान केंद्र सरकारच्या जमिनीवर होतं आणि केनेडी सरकारने ते बंद करण्याचा इशारा दिला म्हणून.

आत घेतलं, पण मेंदूच्या जागी नाही. १९७० मध्ये लॉय आणि मॅकएल्वोग या समाजशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की निर्णय घेण्याच्या, मधल्या जागा गोऱ्यांकडे जातात आणि कडेच्या, पळण्याच्या जागा काळ्यांकडे. समाजशास्त्रात याला ‘स्टॅकिंग’ म्हणतात. जातिव्यवस्था ही श्रमांची नव्हे तर श्रमिकांची वाटणी आहे, ही बाबासाहेबांची १९३६ ची मांडणी वाचलेल्याला हा शोध नवा वाटणार नाही. १९६८ मध्ये डेन्व्हरसाठी मार्लिन ब्रिस्को क्वार्टरबॅक म्हणून खेळला, चांगला खेळला, आणि पुढच्याच वर्षी दुसऱ्या संघात त्याला चेंडू झेलण्याच्या जागी धाडलं गेलं. वॉरन मूनला १९७८ मध्ये कुणी निवडलंच नाही. तो कॅनडात गेला, एडमंटनला सलग पाच विजेतेपदं मिळवून दिली, तेव्हा कुठे १९८४ मध्ये एनएफएलला जाग आली. आपल्या पळवणकर बाळूंचं आठवा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले, पण हिंदू संघाचं कर्णधारपद काही दिलं नाही. (१९३७ मध्ये काँग्रेसने त्यांनाच बाबासाहेबांविरुद्ध निवडणुकीला उभं केलं, तो वेगळ्या लेखाचा विषय.)

डग विल्यम्सची गोष्ट मात्र सविस्तर सांगायलाच हवी. लुइझियानातल्या ग्रॅम्बलिंग या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयातून आलेल्या विल्यम्सला १९७८ मध्ये टँपा बे संघाने १७ व्या क्रमांकावर निवडलं. आधीच्या दोन हंगामांत मिळून दोनच सामने जिंकलेल्या या संघाला त्याने चार वर्षांत तीनदा बाद फेरीत नेलं. पगार वर्षाला सुमारे १ लाख २० हजार डॉलर. इतर संघांतले काही राखीव क्वार्टरबॅक त्याच्यापेक्षा जास्त कमावत. पाच वर्षांचा पहिला करार संपल्यावर त्याने ६ लाख मागितले. मालक ह्यू कल्व्हरहाऊस ४ लाखांच्या वर जाईनात. विल्यम्स निघून गेला, दुसऱ्या, नव्या लीगमध्ये. टँपा बेने त्यानंतर सलग १४ हंगाम जिंकण्यापेक्षा हरणं जास्त पाहिलं. दोन लाख वाचवले, ते असे.

ती नवी लीग बुडाली आणि विल्यम्सला राखीव क्वार्टरबॅक म्हणून घेतलं कुणी? वॉशिंग्टनने, मार्शलच्या त्याच संघाने. १९८७ च्या हंगामात खेळाडूंनी संप केला. मालकांनी बदली खेळाडू मैदानात उतरवून तीन आठवडे सामने चालवले. बाकीच्या संघांतले कितीतरी नियमित खेळाडू संप मोडून परत गेले. वॉशिंग्टनचा एकही गेला नाही. संप हरला, पण हा संघ एकत्र राहिला, आणि ३१ जानेवारी १९८८ ला सुपर बोलमध्ये विल्यम्स मैदानात उतरला. १० गुण मागे पडल्यावर एकट्या दुसऱ्या सत्रात त्याने चार टचडाऊन फेकले. वॉशिंग्टन ४२, डेन्व्हर १०. सामन्याचा सर्वोत्तम खेळाडूही तोच. मेंदूची जागा काळ्याला झेपत नाही, या सिद्धांताचं उत्तर पंधरा मिनिटांत मिळालं.

सिद्धांत मात्र मेला नाही. डोक्याला मार लागून स्मृती गमावलेल्या माजी खेळाडूंना भरपाई देताना, कृष्णवर्णीयांची मूळ बौद्धिक पातळीच कमी असते असं गृहीत धरणारी मोजपट्टी वापरली जात होती. दोन माजी खेळाडू न्यायालयात गेले, आणि २०२१ मध्ये लीगने ती बंद करण्याचं कबूल केलं. वर्ष पुन्हा वाचा. २०२१.

लमार जॅक्सन याच हवेत आला. २०१८ च्या ड्राफ्टआधी बिल पोलियन या बुजुर्ग व्यवस्थापकाने जाहीर सल्ला दिला की याने क्वार्टरबॅक सोडून चेंडू झेलण्याच्या जागी खेळावं. पन्नास वर्षांनी पुन्हा ब्रिस्कोचीच शिक्षा. त्याच्याआधी चार गोरे क्वार्टरबॅक निवडले गेले. जॅक्सन ३२ वा, पहिल्या फेरीतला शेवटचा. चार वर्षांचे ९५ लाखांच्या आत. दुसऱ्याच हंगामात तो एकमताने लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पूर्वग्रहाने क्रमांक खाली ढकलला, क्रमांकाने पगार ठरवला, आणि त्या पगाराला संघाची हुशारी म्हटलं गेलं. नियम गोऱ्यांनाही लागतो, हे खरं. २०२२ मध्ये अगदी शेवटच्या, २६२ व्या क्रमांकावर आलेला ब्रॉक पर्डी गोरा आहे आणि त्यालाही वर्षानुवर्षं कवडीमोल राबवलं. पण कोण कितव्या क्रमांकावर जातो हे ठरवणारी नजर रंगहीन नाही.

२०२३ मध्ये जॅक्सनने दलालाशिवाय, आईच्या मदतीने वाटाघाट केली आणि पूर्ण रक्कम खात्रीची मागितली. एनएफएलमध्ये करारातले सगळे पैसे खात्रीचे नसतात. संघाने काढून टाकलं की उरलेले बुडाले. वर्षभरापूर्वी डेशॉन वॉटसनला २३ कोटी पूर्ण खात्रीचे मिळाले होते. जॅक्सनच्या संघाने त्याच्यावर ‘टॅग’ लावला, पण इतर संघांना प्रस्ताव देण्याची मुभा होती. क्वार्टरबॅकसाठी तळमळणाऱ्या संघांनी काही तासांत कळवलं, आम्हाला रस नाही. शेवटी त्याने आपल्याच संघाशी २६ कोटींवर सही केली, पूर्ण खात्रीशिवाय.

मालकांनी संगनमत केलं, अशी तक्रार संघटनेने लवादाकडे केली होतीच. जानेवारी २०२५ च्या निकालात लवादाने म्हटलं की संगनमत सिद्ध झालं नाही, पण खात्रीच्या रकमा कमी करा असा आग्रह लीगने संघांकडे धरला होता. हा निकाल खेळाडूंना सांगितलाच गेला नाही. लीगने दडवला, हे समजू शकतो. संघटनेनेही दडवला. जूनमध्ये एका पत्रकाराने तो बाहेर काढला आणि जुलैमध्ये संघटनेचे कार्यकारी संचालक लॉइड हॉवेल यांनी राजीनामा दिला. हॉवेल कृष्णवर्णीय आहेत. आपल्याच माणसाला खुर्चीवर बसवून निश्चिंत झालेल्या चळवळी आम्ही महाराष्ट्रात पुष्कळ पाहिल्या आहेत.

सध्याचा सामूहिक करार मार्च २०२० मध्ये १,०१९ विरुद्ध ९५९ मतांनी मंजूर झाला. नवख्यांच्या पगाराची श्रेणी त्यात तशीच आहे. तो २०३० च्या हंगामापर्यंत चालेल. त्यानंतरच्या ड्राफ्टमध्ये ज्यांची निवड होईल ती मुलं आज शाळेत आहेत.