बियाँड लिनक्स फ्रॉम स्क्रॅच

स्वतः बांधलेल्या मूळ लिनक्स प्रणालीचा गरजेप्रमाणे विस्तार करण्याची मार्गदर्शिका. गेरार्ड बेकमन्स यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’ची ही पुढची पायरी. मूळ प्रणालीत कर्नल, सी लायब्ररी, कंपायलर, शेल व काही मोजकी साधने असतात. डेस्कटॉप, छपाई, ध्वनी इ. भाग वापरकर्ता मूळ कोड कंपाईल करून जोडतो. कोणता घटक कशावर अवलंबून आहे, यावर जोडणीचा क्रम ठरतो. उदा. चंद्रपूर-गडचिरोलीत मराठीसाठी ‘ग्लिबसी’ या सी लायब्ररीतील मराठी लोकेल, जोडाक्षरांसाठी ‘हार्फबझ’ आणि देवनागरी फाँट लागतो. गोंडी तिच्या स्वतंत्र लिपीत लिहायची असल्यास मसराम गोंडी (युनिकोड १०.०, २०१७) किंवा गुंजाला गोंडी (युनिकोड ११.०, २०१८) लिपीचा फाँट जोडावा लागतो. नको ते भाग वगळता येतात. मात्र सुरक्षाविषयक अद्ययावतीकरणाची जबाबदारी बांधणाऱ्यावरच राहते.