नाममुद्रेपासून रॉयल्टीपर्यंत

पेशवाईच्या अखेरीचा शाहीर सगनभाऊ मुसलमान, धंद्याने शिकलगार. त्या काळचे शाहीर लावणीच्या शेवटच्या कडव्यात आपली नाममुद्रा घालत. गाणारा कुणीही असो, कर्ता कळायचा. पण त्या नावामागे कायदा नव्हता.

कायदा आला, तरी गीतकाराच्या हाती फारसे लागले नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने लिहिणाऱ्याचा हक्क मानला. १९७७ मध्ये मात्र सुप्रीम कोर्टाने सांगितले, की निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी गाणे करून घेतले आणि करारात वेगळे काही ठरले नसेल, तर हक्क निर्मात्याचा. गाणे पुढे कितीही वाजो, गीतकाराला मिळाले ते मानधन तेवढेच.

हे बदलले २०१२ च्या दुरुस्तीने. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी तिची बाजू मांडली. आता चित्रपटगृहाबाहेर गाणे वापरले गेले, तर रॉयल्टीतला गीतकाराचा समान वाटा निर्मात्याला करारानेही काढून घेता येत नाही.

बीड, परळी, अंबाजोगाईत गाणी-कव्वाल्या लिहिणाऱ्या आपल्या मुलांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे : लिहिताक्षणी हक्क तुमचा, नोंदणीची सक्ती नाही. हक्क द्यायचा तर तो लेखी आणि सहीनेच दिला जातो. मुदत लिहिली नसेल, तर तो पाच वर्षांपुरताच धरतात. म्हणून सही करण्याआधी कागद पूर्ण वाचा. कायदा बाजूने असला, तरी हक्क मागावा लागतो.